सिस्टर आणि कंदिल्या

सिस्टरांना ‘जरा बसा हं, मी आलोच’ असं सांगून कोणी गेलं, की तो माणूस परत येईपर्यंत त्या जागच्या हलत नसत. मग तो पाच मिनिटांनी येवो, नाहीतर दिवेलागणीला. माझ्या वाचनालयात त्यांनी हे पहिल्याच महिन्यात सिद्ध केलं. मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो, तिथे एक जुने मेंबर भेटले, आणि त्यांच्या मुलाचं ठरत आलेलं लग्न कसं फिसकटलं हे ऐकण्यात माझा तासभर गेला. परत आलो तर सिस्टर माझ्या खुर्चीत ताठ बसलेल्या. मला पाहताच उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “दोन मेंबर येऊन गेले. एक पुस्तक परत आलं, ते डाव्या हाताला ठेवलं. या बाई थांबून आहेत, त्यांना दिवाळी अंक पाहिजे. पंखा खटखट करून राहिला होता, बंद केला. घ्या चार्ज.” मी ‘घेतला’ असं म्हणेपर्यंत त्यांनी चपला घातल्या नाहीत.

सिस्टर म्हणजे खरोखरच्या सिस्टर. यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. त्यांना ‘काकू’ म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवत, आणि ‘आजी’ म्हटलं तर आता जीभ बाहेर काढायला सांगतील की काय, अशा नजरेनं बघत. वॉर्डाचा एक नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की निवृत्तीनंतरही निघाला नाही. आपली पाळी संपली म्हणून उठून जायचं नाही. पुढच्या पाळीची नर्स, म्हणजे रिलीव्हर, आली पाहिजे. तिला एकेक खाट दाखवून चार्ज दिला पाहिजे. तिनं ‘घेतला’ म्हटलं की मग घर. एकदा पुरात त्यांची रिलीव्हर नदीपलीकडे अडकली, तेव्हा पाणी उतरेपर्यंत सिस्टर वॉर्डातच राहिल्या होत्या. “मग जेवलात काय?” असं मी विचारलं. “पेशंटचे डबे येत होते नं घरून,” त्या म्हणाल्या. “पेशंटला कुठं भूक असते?”

माझं वाचनालय मूळचं शनिवार पेठेतलं, वडिलांनी काढलेलं. तिथली इमारत पाडून नवी होणार असं ठरलं तेव्हा मी पुस्तकं टेम्पोत भरून धायरीला एका सोसायटीखालच्या गाळ्यात आणली. लोकांनी मला वेड्यात काढलं. शनिवार पेठेतले मेंबर पुस्तक नेताना ते किती फाटलंय हे सांगत. धायरीतले मेंबर ‘काका, हे ऑनलाइन फ्री मिळतं’ असं सांगतात. दोन्ही सोसायला शक्ती सारखीच लागते. वडिलांनी मला पुस्तकांबरोबर दोन नियमही दिले होते. पान दुमडायचं नाही आणि शेवट सांगायचा नाही. पहिला नियम मेंबर पाळत नाहीत. दुसरा मी आजवर पाळला आहे.

सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या नातीचं पुस्तक परत करायला. नात इंजिनीअरिंगच्या कॉलेजात होती आणि पुस्तक तिनं नको तितके दिवस ठेवून घेतलं होतं. ‘धुक्याचे सात घाट’ या मालिकेचा तो पहिला भाग. ही मालिका सात भागांची आहे आणि आमच्याकडची पोरं गेली कित्येक वर्षं तिच्या मागे वेडी आहेत. मी ती आधी धंद्याची गरज म्हणून वाचली आणि नंतर धंद्याशी काही संबंध नसताना पुन्हा वाचली. सिस्टरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बजावलं, “हिचं लेट झालं, माफ करा. मला काही नको. मी गोष्टी वाचत नाही. खोटं वाचायला वेळ कोणाला आहे?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. वीज कंपनीच्या माणसाशी माझं दोन महिने चाललेलं भांडण त्या दिवशी निर्णायक अवस्थेला आलं होतं. मी हातानं सिस्टरांना ‘बसा’ अशी खूण केली, आणि मी बसा म्हटल्यामुळे त्यांना उठता येईना. समोर पुस्तक होतं. त्यांनी ते उघडलं, हात लांब करून, थर्मामीटर वाचावा तसं. मी भांडण हरून फोन ठेवला तेव्हा त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, “भाऊ, हा इथं एकटाच काऊन बसून आहे?”

हा म्हणजे कंदिल्या. ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका मुलखाभोवती सात घाट आहेत आणि सातही घाटांत कायमचं धुकं भरलेलं आहे. धुकं हटवायला एक राजकन्या निघते, बरोबर दगडांशी बोलणारा एक मुलगा आणि काळजबडा नावाचा दोन तोंडांचा लांडगा. पहिल्या घाटाच्या तोंडाशी एक म्हातारा कंदील पेटता ठेवून बसलेला असतो, धुक्यात गेलेल्यांना परतीची वाट दिसावी म्हणून. राजानं त्याला तिथे बसवताना सांगितलं होतं, दुसरा माणूस पाठवतो, तोवर बस. तो राजा मेला, त्याचा मुलगा मेला, दुसरा माणूस काही आला नाही. सगळे त्याला कंदिल्याच म्हणतात. पहिल्या भागात तो जेमतेम तीन-चार पानं आहे. राजकन्येला आणि तिच्या सोबत्यांना तो गरम भाकरी देतो आणि निघताना एवढंच म्हणतो, “या जाऊन. दिवा आहे.”

आमच्या मेंबरांपैकी कोणाचाही कंदिल्या आवडता नव्हता. मुलींची राजकन्या, मुलांचा काळजबडा, आणि स्वतःला विचारी समजणाऱ्यांचा तो दगडांशी बोलणारा. सिस्टरांनी पहिला भाग नातीच्या कार्डावरच पुन्हा घरी नेला, तिसऱ्या दिवशी परत आणला आणि स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं. “राजकन्या ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण अशा पोरी दवाखान्यात ट्रेनिंगला पाहिल्या मी. धावपळ फार. मागं राहणारा कोणी पाहिजे नं, भाऊ.” सत्तरीच्या पुढे आयुष्यातली पहिली गोष्ट वाचणाऱ्या बाईनं त्या गोष्टीतला सगळ्यात दुर्लक्षित माणूस नेमका उचलला याचं मला कौतुक वाटलं. मी तसं बोललो नाही. शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला कौतुक तोंडावर करायची सवय नसते.

त्यानंतर सिस्टर रोज दुपारी यायला लागल्या. वाचनालयात मागच्या भिंतीला गारवा असतो म्हणून एक हिरवा स्वेटर घालून बसत. पुस्तक घेऊन निघालेल्या मेंबराला त्या दारापर्यंत बघत आणि म्हणत, “या जाऊन. दिवा आहे.” ज्यांनी मालिका वाचली होती ते हसत. न वाचलेले वर दिव्याकडे बघत. वारज्याहून येणारा एक आयटीतला मुलगा होता. त्यानं एकदा उत्साहानं विचारलं, “आजी, तुमचा फेवरेट काळजबडा असणार ना? सिक्स्थ बुकमध्ये तो असला भारी होतो, तो काय करतो माहितीये…” मी त्याला तिथेच थांबवलं. “इथे शेवट सांगत नाहीत. सांगायचा असेल तर बाहेर पायरीवर उभं राहून रस्त्याला सांगा.” सिस्टर मात्र त्या ‘आजी’वरच अडल्या होत्या. “तुमचं पोट साफ नसते वाटतं,” त्या त्याला म्हणाल्या. “डोळे पिवळट दिसून राहिले.” तो पुढे महिनाभर आला नाही.

दुसरा भाग झाला. तिसरा भाग बाहेर होता. ज्या मेंबरानं नेला होता तो बदली होऊन सहकुटुंब नगरला गेला होता. पुस्तक कुठल्या खोक्यात आहे हे त्याच्या बायकोला आठवत होतं, पण ते खोकं कुठे आहे हे आठवत नव्हतं. मी सिस्टरांना म्हटलं, “थांबा थोडे दिवस, क्रमानं वाचा.” त्यांनी मानेनंच नकार दिला. “चौथा द्या. वॉर्डात पेशंट काय क्रमानं येतात? मधातूनच केस हातात घ्यायची असते.” चौथा भाग त्या घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या बसल्याच नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवलं. चेहरा असा की मला वाटलं घरी काहीतरी झालं.

“गेला,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“कंदिल्या. तिसऱ्या भागात गेला तो. मला कळलं.”

चौथ्या भागात राजकन्या पहिल्या घाटाशी परत येते तेव्हा कंदिलापाशी कंदिल्या नसतो, धनगराची एक पोर बसलेली असते. राजकन्या घाईत असते, ती काही विचारत नाही. कंदिल्याची घोंगडी त्या पोरीच्या पायाशी घडी करून ठेवलेली असते, एवढं एक वाक्य आहे. हजारो पोरांनी ते वाक्य वाचलं असेल आणि पुढे गेली असतील. सिस्टर त्या घोंगडीपाशी थांबल्या होत्या. “खाटेवर दुसरं माणूस, अन् पहिल्याचं पांघरूण घडी करून पायाशी,” त्या म्हणाल्या. “घरी जाणारा पेशंट आपलं पांघरूण घेऊन जाते, भाऊ. जो नेत नाही तो कुठं जाते, ते मला कोणी सांगायची गरज नाही. अशा घड्या मी स्वतः घातल्या आहेत.”

मला तिसरा भाग पाठ होता. कंदिल्या मरत नाही हे मला माहीत होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, आणि सिस्टरांनी हात वर केला. “काही बोलू नका. अन् तोंडही तिकडं करा. मी तोंड पाहून ओळखते.” मी तोंड तिकडे केलं. पुढे कित्येक दिवस या विषयावर मी मख्ख चेहऱ्यानं वावरलो, ते मला विशेष जड गेलं नाही. पण सिस्टरांनी मालिका सोडली. नगरहून तिसरा भाग कुरियरनं आला, मी तो त्यांच्यासमोर ठेवला, तर त्यांनी तो उलटा करून बाजूला सारला. पाचवाही नको म्हणाल्या. रोज यायच्या, स्वेटर घालून बसायच्या आणि जुनी आरोग्यविषयक मासिकं चाळायच्या. जाणाऱ्या मेंबरांना दिव्याचं सांगणं त्यांनी बंद केलं. एका खोट्या माणसासाठी त्या खरं सुतक पाळत होत्या, आणि मला हसू येत नव्हतं.

त्याच दिवसांत त्या घरच्या गोष्टी बोलू लागल्या. दारव्ह्याला त्यांचं घर होतं, नोकरीत असताना नवरा-बायकोनं बांधलेलं. यजमान गेले, आणि लगेच मुलाचा पुण्याहून फोन आला, सुनेचं बाळंतपण आहे, सहा महिने ये. सिस्टर घराला कुलूप लावून आल्या. ती नात आता कॉलेजला स्कूटरवरून जात होती आणि सिस्टर अजून सहा महिन्यांसाठीच आलेल्या होत्या. “अंगणात कडूनिंब आहे माझ्या,” त्या सांगत. “खाली बाज टाकली की पंखा लागत नाही.” हे सांगताना पर्समधली चावी बोटांनी चाचपत.

“मग जाऊन या की,” मी म्हटलं.

“जाऊन येणं नाही, भाऊ. मला जायचं आहे.” त्यांनी पर्सची चेन लावली. मग हळूच म्हणाल्या, “पण असं कसं उठून जाता येते? पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे. कोणी मला म्हणून नाही राहिलं, की सिस्टर, झाली तुमची ड्यूटी.”

कोण म्हणणार होतं? मुलानं ‘आई, आता तू जा’ म्हणणं म्हणजे आईला घराबाहेर काढणं. तो म्हणणार नाही, कारण त्याचा जीव आहे. आणि कोणी म्हणेपर्यंत सिस्टर उठणार नाहीत, कारण त्या सिस्टर आहेत. मी दुकानदार माणूस, लोकांच्या घरात नाक खुपसत नाही. पण त्या दुपारी मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला. पुण्यात आयटीत मोठ्या जागेवर असलेला, बोलायला मऊ माणूस. सिस्टरांच्या कार्डाची मुदत वाढवायला आला होता. “थँक्यू काका,” तो म्हणाला. “तुमच्यामुळे आईचं इथे छान मन रमलंय. पूर्वी सारखं गाव-गाव करायची, आता नावही काढत नाही. म्हणून म्हटलं, ते दारव्ह्याचं घर काढून टाकावं. गिऱ्हाईक आलंय. आईला विचारलं, ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” मी त्याला विचारलं, कधी ठरवताय? म्हणाला, या महिन्याअखेर सह्या.

मी त्याला काही सांगितलं नाही. सिस्टरांनी मुलाला न सांगितलेली गोष्ट मी सांगणं त्यांना आवडलं नसतं. सिस्टरांना कंदिल्याचं सांगणं वडिलांना आवडलं नसतं. दोन्हीकडून तोंड बंद. पण मला एक गोष्ट करता येत होती, आणि ती मी दुसऱ्याच दिवशी केली. सिस्टर आल्या, स्वेटर घातला. मी टेबलावरची सगळी मासिकं, वर्तमानपत्रं, अगदी वीज कंपनीचं बिलसुद्धा उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. टेबलावर तिसरा भाग सरळ ठेवला. “सिस्टर,” मी म्हटलं, “जरा बसा हं, मी आलोच.”

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. पण मी चार्ज देऊन निघालो होतो. उठता येणं शक्य नव्हतं.

मी चहा प्यायलो. आणखी एक प्यायलो. टपरीवाल्यानं काळजीनं विचारलं, “काका, घरी काय वाद झाला काय?” मी नऱ्ह्यापर्यंत चालत जाऊन आलो, ज्याची मला काही गरज नव्हती. एका हार्डवेअरच्या दुकानात नको असलेल्या बिजागऱ्यांचे प्रकार समजून घेतले. ऊन उतरल्यावर परत आलो, तेव्हा सिस्टर पुस्तक वाचत होत्या आणि रागानं लाल झाल्या होत्या.

“असा कसा गेला हा?” त्या माझ्यावर ओरडल्याच. “चार्ज न देता? घोंगडी ठेवली अन् चालला घरी! राजाचा माणूस आला नाही, कोणी रिलीव्ह केलं नाही, अन् हा उठून चालला! याच्यापेक्षा मेला असता तर बरं झालं असतं!”

मी गडबडलो. कंदिल्या जिवंत आहे म्हणून त्या खूश होतील, असा माझा साधा हिशेब होता. तिसऱ्या भागात होतं ते एवढंच. एक दिवस सकाळी कंदिल्या कंदिलात तेल भरतो, आपली घोंगडी धनगराच्या पोरीपाशी ठेवतो, वर गार असतं म्हणून, आणि डोंगर उतरून आपल्या गावाला जातो. सिस्टरांनी मला चार्ज दिला, पण ‘एक मेंबर आला, गेला’ एवढाच, अर्धवट. त्यांच्याकडून असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. पुस्तक मात्र पिशवीत टाकून नेलं.

चार-पाच दिवस त्या आल्या नाहीत. मला खात्री झाली की मी एक मेंबर गमावला आणि त्यांच्या डोक्याला नसता ताप दिला. दुपारी ती मागची रिकामी खुर्ची बघून मला करमत नव्हतं. हे मी इथे लिहितोय, तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

मग एका दुपारी आल्या. राग नव्हता. बसल्या आणि म्हणाल्या, “दुसऱ्यांदा वाचला. पहिल्यांदा रागात वाचला म्हणून सुटलं माझ्याकडून. मधात कंदिल्याला ताप येते, तो सात-आठ दिवस पडून राहते. तेव्हा दिवा कोण लावते? ती धनगराची पोट्टी लावते. तेल तीच आणते. काच तीच पुसते. रिलीव्हर कधीचीच आली होती, भाऊ. हा राजाच्या माणसाची वाट पाहत खाली रस्त्याकडं तोंड करून बसला होता, यानं मागं पाहिलंच नाही.”

“मग?” मी म्हटलं.

“मग काय. मलाही ताप होता नं हे चार दिवस.” आता मला कळलं त्या का आल्या नव्हत्या. “नातीनं कुकर लावला. वरण माझ्यापेक्षा बरं केलं. सुनेनं रजा काढली, गोळ्या वेळेवर दिल्या, दर सहा तासांनी टेम्परेचर घेतलं. मी पडून पडून पाहून राहिले होते, की घरातलं काय अडते. काही अडलं नाही, बापा.” डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. “पहिल्या दिवशी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी इतकं बरं वाटलं की काय सांगू.”

आदल्या रात्रीच त्यांनी जेवताना मुलाला सांगितलं होतं, घर विकू नको, मी जाते. मुलगा रडला. ‘आमचं काय चुकलं?’ म्हणाला. सिस्टर त्याला म्हणाल्या, “काही चुकलं नाही. पेशंट बरा झाला की सिस्टर घरी जाते. तू बरा झाला, राजा.” हे मला सांगतानाही त्यांचा आवाज नोकरीतल्यासारखा कोरडा होता, आणि मला मात्र कपाटात काहीतरी शोधायला जावं लागलं.

पुढचा आठवडा त्यांनी घरी चार्ज देण्यात घालवला. कुठल्या बरणीत कुठलं लोणचं, गॅसचा कोणता कान नीट बसत नाही, शेजारच्यांकडे दिलेली किल्ली, कुंड्यांना पाणी. सुनेला प्रत्येक गोष्टीला ‘घेतला’ म्हणावं लागत होतं. तिनं न हसता सगळं म्हटलं असं सिस्टर अभिमानानं सांगत होत्या. मग शेवटच्या दिवशी, ट्रॅव्हल्सची गाडी संध्याकाळी असताना, दुपारी त्या वाचनालयात आल्या. टेबलावर तिसरा भाग ठेवला आणि माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

“पुस्तक परत. पान एकही दुमडलं नाही. वरच्या फळीला वाळवी लागून राहिली आहे, पाहून घ्या. तो वारज्याचा पोरगा भेटला तर सांगा, डोळे आता बरे आहेत. तुम्ही चहा कमी करा. घ्या चार्ज.”

“घेतला,” मी म्हटलं.

त्या दारापर्यंत गेल्या. मला माणसांना निरोप देता येत नाही. आमच्या घरात तो प्रकार ‘बरं मग’ एवढ्यावर आटपतो. पण त्या पायरी उतरत होत्या, त्यांच्या हातात दारव्ह्याची चावी दिसत होती, आणि मला राहवलं नाही. “या जाऊन, सिस्टर,” मी मोठ्यानं म्हटलं. “दिवा आहे.”

त्या वळल्या नाहीत. हात तेवढा वर केला.

आत आलो तेव्हा मागच्या खुर्चीवर त्यांचा हिरवा स्वेटर होता, नीट घडी केलेला. मी तो तिथेच राहू दिला. दुसऱ्या दिवशी वारज्याचा तो मुलगा आला, स्वेटर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानंही मालिका वाचली होती. “काका,” तो अगदी हळू म्हणाला, “सिस्टर…?” प्रथमच त्यानं त्यांना सिस्टर म्हटलं.

“घरी गेल्या,” मी म्हटलं. “मागे गार असतं, म्हणून ठेवून गेल्यात.”

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी विचारलं, पाचवा भाग पाठवू का? म्हणाल्या, पाठवा, पण घाई नाही. मागे कुठेतरी पाखरांचा कालवा ऐकू येत होता. “भाऊ, एक सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एखाद्या चुकार शाळकरी मुलीसारखा झाला. “आज मी आठ वाजेपर्यंत झोपले. उन्हं पार अंगावर आली होती बाजेवर. कोणी उठवलंच नाही.”

मी म्हटलं, “घेतला.”

फोन ठेवून मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. भिंत गारच होती. मी स्वेटर उचलला आणि खांद्यावर टाकला.